पुढचं टोक नसलेली नाव

यादव साहेबांना तापीत पाडायचा वामनचा मुळीच बेत नव्हता. उलट त्या दिवशी सकाळपासून तो त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपत होता. साहेब नवे होते, राज्य नवं होतं, डिसेंबरातली थंडी तेवढी जुनी होती. महिन्याभरापूर्वी आपला मुलूख नागपूरच्या राजधानीतून उठून भोपाळच्या राजधानीत जमा झाला होता. राज्य बदललं तरी नाव मध्यप्रदेशच राहिलं आणि शिक्के नवे करावे लागले नाहीत, एवढंच काय ते कचेरीतल्या हेडक्लार्कांना समाधान. बाकी सगळं बदलणार अशी हवा होती. काय ठेवायचं आणि काय काढायचं ते पाहायला ग्वाल्हेरकडचे यादव साहेब खंडव्याहून आले होते, आणि बुऱ्हाणपूरच्या घाटांची पाहणी त्यांच्या वाट्याला आली होती.

वामन कचेरीत दुय्यम कारकून. जन्म बुऱ्हाणपुरातल्याच सिंधीपुऱ्यातला. कारकुनाला लागतात त्याहून दोन गोष्टी त्याच्याजवळ जास्त होत्या, एक अंगावरचं मांस आणि दुसरा गावाचा अभिमान. पहिली गोष्ट सोजरबाईच्या टोपल्यात कशीबशी मावत असे. दुसरी मावली नाही.

टोपलं म्हणजे अगदी टोपलंच. बांबूच्या कामट्यांचं विणलेलं, गोल, पाच हात रुंद, बाहेरून तरटाचे दोन थर आणि त्यावर डांबर. शीड नाही, सुकाणू नाही, एक वल्हं आणि एक सोजरबाई. हिवाळ्यात तापी ओसरली की राजघाटाखालच्या डोहातून ती लोकांना पलीकडे जैनाबादच्या काठाला न्यायची. बसवण्याची तिची रीत ठरलेली होती. ती माणसं मोजायची नाही. काठावर उभी राहून एकेकाकडे म्हैस पारखावी तशी बघायची आणि बोट दाखवायची. "तुम्ही इकडं. तुम्ही दोघं तिकडं. चपला मधात. बूड टेकलं की मग उठाचं नाही." त्या दिवशी तिने वामनला एका बाजूला एकट्याला बसवलं, आणि त्याच्या समोर यादव साहेब व चपराशी सुपडू अशी दोन माणसं ठेवली. वामनला तो आपला मान वाटला.

जैनाबादचा काठ वीसेक हातांवर आला, झाडांच्या वर मोगलांच्या जुन्या हरणबागेच्या बांधकामाचा कोपरा दिसला, आणि वामनच्या छातीत काहीतरी फुलून आलं.

"वो देखिए साहब! आहुखाना!"

साहेबांनी मान वळवून पाठीमागे पाहिलं. सुपडूने फायली पोटाशी धरून डोळे गच्च मिटले होते, ते काठावरच मिटलेले होते. आणि वामन उभा राहिला.

"मुमताज महल यहीं बुऱ्हाणपूर में गुजरीं साहब. पहिली कबर यहाँ की. ताजमहाल तो बाद की बात..."

"बसा! बाबूजी, बसा!" सोजरबाई ओरडली.

वामन बसला, पण ज्या बाजूला बसायचं ती बाजू आता तिथे नव्हती. टोपलं अर्ध्या गिरकीत फिरलं होतं. तो जाऊन पडला तो साहेबांच्या अंगावर, आणि साहेब पाठमोरेच टोपल्याच्या काठावरून सरळ पाण्यात गेले. पाणी कमरेइतकंच होतं. साहेब लगेच उभे राहिले. त्यांची सोला टोपी मात्र आपल्या मर्जीने सुरतेच्या दिशेला निघाली होती.

सोजरबाईने आधी साहेबांना काखेत हात घालून आत ओढलं, मग वल्ह्याने टोपीला.

"यह नाव है कि लट्टू?" साहेब दात वाजवत म्हणाले. "हुआ क्या?"

त्यांनी काही पाहिलं नव्हतं. सुपडूने तर नाहीच. वामनचा घसा कोरडा पडला, आणि त्या कोरड्या घशातून त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात ओलं खोटं बाहेर आलं.

"बहाव, साहब. पानी का बहाव."

डिसेंबरात तापीच्या डोहाला बहाव! घाटावरची म्हैससुद्धा हसली असती. सोजरबाईने एकदा वामनकडे पाहिलं. मग तिने वल्हं पाण्यात घातलं आणि टोपलं काठाला लावलं.

काठावर कुणाच्या तरी कोरड्या धोतरात स्वतःला गुंडाळून घेत साहेबांनी तोंडी हुकूम सोडला. पंधरा दिवसांनी ते पुन्हा येतील आणि लेखी निर्णय देतील. तोवर ही टोकरी पाण्यात जाणार नाही.

आता ही सोजरबाई कोण, ते सांगायला हवं. तापीवर गोल नावा नव्हत्या. होड्या होत्या, तराफे होते, उन्हाळ्यात पायी पार होता येत होतं. टोपलं इथे आणलं तिनेच.

शाहपूरकडच्या केळीच्या बागांत मजुरी करणाऱ्या घरातली ती सून. नवरा गोटू केळीच्या टोपल्या विणायचा. लग्नानंतर दोन वर्षांनी मुकादमाने गावातल्या नवरा-बायकोच्या सहा जोड्या उचलून पार खाली तुंगभद्रेच्या धरणावर नेल्या. स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं. आणि तिथे नदीची गंमत अशी, की एका काठाला आपलं राज्य तर समोरच्या काठाला निजामाचं. माणसं बाजारहाटाला ये-जा करायची ती गोल टोपल्यांतून.

ते टोपलं पाहून गोटूच्या हातांना खाज सुटली आणि सोजरबाईच्या डोळ्यांना. एक म्हातारा नावाडी होता. त्याला कानडीखेरीज काही येत नव्हतं आणि हिला खानदेशी मराठीपलीकडे. त्यामुळे भांडण व्हायची सोय नव्हती. चुकलं की तो वल्ह्याच्या दांड्याने तिच्या गुडघ्यावर टक्क करायचा, बरोबर झालं की पान पुढे करायचा. वल्हं बाजूला मारायचं नाही, समोर घालून पाणी आपल्याकडे ओढायचं, जसं दळणाचं पीठ दोन्ही अंगांनी जवळ घ्यावं तसं, हे तिला अशाच टकटकीतून आणि पानांतून कळलं.

मग एका पावसाळ्याच्या शेवटाला नदीवरची ये-जा बंद झाली. समोरच्या काठाला गडबड होती, फौजा आत गेल्या होत्या असं लोक म्हणत. काही दिवसांनी ती सुरू झाली, तेव्हा पलीकडचं राज्यही आपलंच झालं होतं. वामनसारख्यांना वाटायचं की या गोष्टीत फार मोठा इतिहास आहे, आणि तो खोदून खोदून विचारायचा, "तेव्हा तुम्हाला काय वाटलं, सोजरबाई? सरहद्द पुसली गेली, नाही का?"

"सरहद मधात होती म्हने," ती म्हणायची. "मधात तं पानी होतं."

धरणाचं काम ओसरलं तशी जोडी परत आली. गोटूने पहिल्याच हिवाळ्यात कामट्या काढल्या आणि टोपलं विणलं. तिकडे बाहेरून म्हशीचं कातडं लावत. गोटूने तरट आणि डांबर लावलं, कारण म्हशीचं कातडं लावलेल्या नावेत शनवारा पेठेतली माणसं बसणार नाहीत, एवढा बाजार त्याला कळत होता. कारागीर फार चांगला. फक्त तो स्वतः त्यात कधी बसला नाही. पाण्याला भ्यायचा. "मी विनलं, मले माहीत हाय त्यात किती भोकं हायत," असं तो सांगायचा आणि गिऱ्हाईक पुन्हा एकदा खाली वाकून बघायचं.

सुरुवातीला लोक हसले. बाई, आणि टोपल्यात! मग एका रविवारी वामनची बायको लीला तिच्या मालती नावाच्या मैत्रिणीला घेऊन हिंमत करून बसली. डोहाच्या मध्यावर सोजरबाईने वल्हं उलटं फिरवून टोपल्याला तीन गिरक्या दिल्या. किल्ल्याची भिंत, जैनाबादची झाडं, घाटावरची धुणी, पुन्हा किल्ल्याची भिंत, अशी सगळी दुनिया त्या दोघींभोवती फिरून आली. लीला घरी आली ती भाकरी थापतानासुद्धा हसत होती. पुढच्या रविवारी शनवाऱ्यातली सात घरं डबे घेऊन घाटावर हजर. तेव्हापासून बुऱ्हाणपुरात पाहुणा आला आणि हिवाळा असला, की त्याला आधी किल्ला दाखवायचा आणि मग टोपल्यात बसवायचं, हे ठरून गेलं. शाळांच्या मास्तरणी, नवी लग्नं झालेली जोडपी, खंडव्याचे जावई, सगळे त्या टोपल्यात मांडीला मांडी लावून बसले आणि सोजरबाईच्या बोटाप्रमाणे हलले. जावयांना सांगून बसवणारी गावात ती एकच बाई.

त्या संध्याकाळी वामन घरी आला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचली होती.

"तुमचा साहेब पाण्यात पडला म्हणे?" लीला म्हणाली.

"टोपलं फिरलं."

"आपोआप?"

"बहाव होता."

लीलाने तव्यावरची भाकरी उलटली. "काही नाही. त्या माणसाला बसता येत नसेल. आणि भोगायचं कोणी? बिचाऱ्या सोजरने. मी असते ना त्या टोपल्यात, तोंडावर सांगितलं असतं, साहेब, तुमचीच चूक."

वामनने भाकरीचा तुकडा पाण्यासारख्या वरणात बराच वेळ बुडवून ठेवला.

गावात तर भलतंच झालं. सुपडूने डोळे मिटून पाहिलेली हकिकत अशी पसरली की वामनबाबूंनी उडी घालून साहेबांना वाचवलं. पानवाल्याने त्याला बोलावून विडा दिला. तो विडा वामनने खाल्ला, आणि तो काही केल्या रंगला नाही.

चौथ्या दिवशी त्याने मनाला समजावलं की खरं बोलण्यापेक्षा काम करणं चांगलं. कचेरीच्या कपाटातून त्याने नौका-नोंदणीचा छापील अर्ज काढला. नोंद झालेली नाव साहेबांना सहजी बंद करता येणार नाही, असा त्याचा हिशोब. टाक, दौत आणि मोजपट्टी घेऊन तो घाटावर गेला. टोपलं वाळूवर उपडं पडलं होतं, आणि त्याच्या पाठीवर सोजरबाईने मिरच्या वाळत घातल्या होत्या.

"या बाबूजी," गोटू म्हणाला. "नाव तं बंद हाय. मिरच्या पाहिजेत का?"

वामनने अर्ज पसरला. "लंबाई. म्हणजे लांबी किती?"

गोटूने मोजपट्टी आडवी धरली. "पाच हात."

"चौड़ाई. रुंदी?"

"पाच हात."

"दोन्ही सारखी कशी असेल?"

"तिरपी मोजली तरी पाच हातच हाय. मोजू का?"

वामनने पुढचा रकाना दोनदा वाचला. "अगला सिरा. नावेचं पुढचं टोक कुठलं?"

गोटूने टोपल्याभोवती एक चक्कर मारली. खरोखर मारली, हरवलेली वस्तू शोधल्यासारखी. परत येऊन म्हणाला, "पुढचं टोक काही दिसून नाही राहिलं."

"आणि मागचं?"

"पुढचंच नाही तं मागचं कुठून येईन, बाबूजी?"

सोजरबाई इतका वेळ मिरच्या चाळवत होती. "भाऊ, तुमचा कागद लांबट नावेचा हाय," ती म्हणाली. "टोपल्याले कायले ताणता?"

तिचा आवाज शांत होता, एवढा की वामनला ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती खाली पाहूनच पुढे बोलली. शाहपूरला मुकादम येऊन गेला होता. चंबळेवर मोठं धरण बांधतायत, तिथे जोड्या हव्यात. साहेबाने टोपलं बंद ठेवलं तर संक्रांत झाली की दोघं निघणार. गोटूला आता छातीत धाप लागते, डोक्यावर दगड-मातीच्या पाट्या त्याच्याने वाहवतील असं तिला वाटत नव्हतं. पण केळीच्या बागेत एकट्याच्या मजुरीत भागत नाही आणि इथे दुसरं काही नाही.

"तिथं पन नदी असेल की," वामन कसाबसा म्हणाला.

"असेन. पन तिथं मी माती वाहीन, मानसं नाही," सोजरबाई म्हणाली. आणि पुन्हा मिरच्यांकडे वळली. वामन वाट पाहत होता, की ही एकदा तरी त्या दिवसावरून टोमणा मारील, मग आपण लाजू, मग मोकळे होऊ. तिने त्याला ती सोय दिली नाही.

मग त्याने सह्या गोळा केल्या. शनवाऱ्यात, सिंधीपुऱ्यात, शाळेत, दवाखान्यात, बेचाळीस सह्या. अर्ज इतक्या सुंदर हिंदीत लिहिला की हेडक्लार्क म्हणाले, "वामन, एवढं चांगलं हिंदी तुला येतं हे मला राज्य बदलेपर्यंत कळलं नाही." अर्जात सगळं होतं. सोजरबाईची सचोटी, गावाची गरज, टोपल्याची मजबुती. एक वाक्य तेवढं नव्हतं.

पंधराव्या दिवशी यादव साहेब आले. या खेपेला मफलर, कानटोपी आणि सर्दी घेऊन. घाटावर खुर्ची टाकली होती. बेचाळीस सह्यांपैकी तीसेक सह्या प्रत्यक्ष हजर होत्या, लीला आणि मालती सगळ्यांत पुढे. गोटू मागे एका दगडावर बसला होता, आणि त्याच्या पायाशी एक बोचकं बांधून तयार होतं. निकाल काय लागणार याबद्दल त्याने आपलं मत असं मांडून ठेवलं होतं.

साहेबांनी अर्ज पूर्ण वाचला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"देखिए, मुझे किसी की रोजी नहीं छीननी," ते म्हणाले. "लेकिन उस दिन मैं था. कल को कोई बच्चा होगा. जो नाव ठहरे पानी में आदमी फेंक दे, उसे मैं पास कैसे करूँ?" मग ते सोजरबाईकडे वळले. "बाई, तुम बताओ. उस दिन हुआ क्या था?"

धुणं आपटणाऱ्या बायकाही थांबल्या. आता ही आपलं नाव घेणार, वामनला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याला सुटल्यासारखंही वाटलं.

सोजरबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "मी टोपलं धरून होती साहेब," ती म्हणाली. "टोपल्यानं काही नाही केलं. बाकीचं ज्याचं त्याले माहीत."

साहेबांनी मान हलवली, टाक दौतीत बुडवला. गोटूने बोचक्याच्या गाठीवर हात ठेवला. तो हात वामनला दिसला.

"बहाव नहीं था, साहब," वामन म्हणाला.

"क्या?"

"बहाव नहीं था. मैं था." आता थांबवता येत नव्हतं. "मैं खड़ा हुआ. आहुखाना दिखाने के वास्ते. इसने चिल्लाके बोला, बैठो, तो मैं आपके ऊपर बैठा. टोकरी का कसूर नहीं. मैंने झूठ बोला, साहब."

लीलाच्या तोंडून "अगं बाई" एवढंच बाहेर आलं. मालतीने पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. मागून पानवाल्याचा आवाज आला, "अरे, मग माझा विडा!"

यादव साहेबांनी वामनकडे फार वेळ पाहिलं. पंधरा दिवसांची सर्दी त्यांच्या नाकात होती, आणि ती कुणाची देणगी हे आता कळलं होतं. मग ते खुर्चीवरून उठले.

"चलो," ते म्हणाले. "टोकरी निकालो. और इनको भी बिठाओ."

मिरच्या उतरवल्या, टोपलं पाण्यात ढकललं. सोजरबाईने नेहमीसारखं एकेकाकडे पाहिलं. साहेब एका अंगाला, लीला दुसऱ्या. वामनसाठी बोट मध्यभागी गेलं. चपला ठेवायची ती जागा. वामन मुकाट्याने गुडघे पोटाशी घेऊन चपलांमध्ये बसला.

दुपारचं ऊन पाण्यावर पसरलं होतं. सोजरबाई पुढे वाकून पाणी आपल्याकडे ओढत होती, सावकाश, एकाच लयीत, आणि टोपलं काहीच आवाज न करता सरकत होतं. काठावरचं बोलणं मागे राहिलं. कुठे एक खंड्या पाण्यात पडून वर आला. साहेबांनी दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला होता, तो डोहाच्या मध्यावर येईस्तोवर त्यांच्याही नकळत सुटला.

"सुना है, घुमाती भी हो?" ते म्हणाले.

तिने वल्हं उलटं घातलं. किल्ल्याची भिंत निघाली, झाडं आली, घाट आला, घाटावरची उभी राहिलेली तीस माणसं आणि त्यांच्यामागे डोळ्यांवर हात धरलेला गोटू आला, पुन्हा भिंत आली. तीन वेळा. साहेब हसले नाहीत. पण तिसरी गिरकी संपली तेव्हा त्यांनी मफलर सोडला होता आणि ते लहानशा आवाजात म्हणाले, "एक और."

परत आल्यावर त्यांनी वामनने आणलेला नोंदणीचा छापील अर्ज मागितला आणि स्वतःच्या हाताने भरला. लंबाईपुढे लिहिलं 'गोल'. चौड़ाईपुढे 'वही'. अगला सिरा या रकान्यापुढे जरा थांबले, मग लिहिलं, 'जिधर बाई का मुँह हो'. खाली अटी होत्या. तिथे एकच अट लिहिली, 'नाव में खड़े होकर इतिहास बताना मना है', आणि सही ठोकली. ती अट पुढे पाटीवर रंगवून घाटावर लावली गेली. गावात नवीन आलेल्या माणसाला ती वाचून काही कळायचं नाही, आणि वामन असला तर तो समजावूनही सांगायचा नाही.

गर्दी पांगली. पानवाल्याने विडा परत मागितला नाही, पण पुन्हा दिलाही नाही. लीला मालतीबरोबर पुढे निघाली होती, तिचा वामनशी दोन दिवस अबोला ठरला होता. गोटू बोचकं सोडून त्यातलं जातं बाहेर काढत होता. सोजरबाई टोपल्यात साचलेलं पाणी तांब्याने उपसत होती. वामन तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. विचारल्याशिवाय त्याला जाववेना.

"सोजरबाई, एक सांगा. त्या दिवशी, आजसुद्धा, साहेबाने तुम्हाला समोर विचारलं. घर मोडायची वेळ आली होती. तरी तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?"

तिने तांब्यातलं पाणी नदीत ओतलं.

"पाडलं तुम्ही, अन् सांगाचं बी मीच?"